लष्करातल्या वाड्याची मागची भिंत आणि कोकीळमाशी

पितृपक्ष सरत आला की ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या वाड्यांमध्ये पुताईची बोलणी सुरू होतात. दिवाळीच्या आत चुना लागला पाहिजे, त्याआधी पोपडे खरवडून झाले पाहिजेत, आणि त्याहीआधी मिस्त्री हाताशी लागला पाहिजे. गेल्या वर्षी याच दिवसांत मामींचा फोन आला. "अगं, मागच्या भिंतीत माश्या शिरल्यात. भोकंच भोकं पाडलीत. मिस्त्री म्हणतो आधी दवा मारू, मग सिमेंटचं पलस्तर करून टाकू. दादाला पटलंय, मला नाही पटत. तू एकदा येऊन बघून जा."

मी प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे नातेवाइकांकडचे साप, पाली, वाळवी असे सगळे फोन माझ्याकडेच येतात. पण या भिंतीसाठी मी वर्षभर जात राहिले आणि वही ठेवली. एक घर, एक भिंत, तिथे राहणारी एक माशी आणि त्या माशीवर जगणारी दुसरी, एवढंच हे प्रकरण. त्यात आम्ही एक चूक केली आणि दुसरी, जास्त मोठी, थोडक्यात टळली. म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

वाडा जनकगंजाजवळचा. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी इथे स्थिरावली आणि तिचं शहर झालं. लष्कर हे नावच त्या छावणीचं. मराठी घरांचे वाडे त्या वस्तीतून उभे राहिले. मामांचा वाडा आता अर्धा भाडेकरूंकडे आहे, अर्धा बंद. मागचं आंगन मात्र मामींनी राखलंय: मधे तुळशीवृंदावन, कडेला कुंड्यांत वांगी, टोमॅटो, मिरच्या, एक गुलाब. आंगनाची मागची भिंत पातळ जुन्या विटांची, मातीच्या गाऱ्यात बांधलेली. तिचं तोंड पूर्वेला, वर दगडी छज्जा. छज्जामुळे पावसाची झड लागत नाही आणि सकाळचं ऊन थेट पडतं. मधल्या चारेक हात पट्ट्यातला गिलावा कधीच गळून गेलेला, आतली माती उघडी.

त्याच पट्ट्यात भोकं होती. पेन्सिल जेमतेम शिरेल एवढी, गोल, स्वच्छ काठांची. खाली भुसभुशीत मातीचा बारीक सडा.

पहिल्या सकाळी मी तिथे मोडा टाकून दोन तास बसले. माश्या ओळखायला पाच मिनिटंही लागली नाहीत. छातीवर पिंगट लव, काळ्या पोटावर निळे चमकदार पट्टे, आणि उडण्याची रीत अशी की हवेत क्षणभर थबकायचं, मग बाण सुटावा तसं निघायचं. ही अमेजिला. मराठीत तिला निळपट्टी म्हणते, कारण मामींनी पहिल्याच दिवशी तेच नाव ठेवलं. ही माशी पोळं बांधत नाही. राणी नाही, कामकरी नाहीत. प्रत्येक मादी आपापलं बीळ एकटी खणते. शेजारी शेजारी वीस बिळं दिसली तरी ती चाळ आहे, एकत्र कुटुंब नाही.

बिळाच्या टोकाशी ती मातीची सुरईसारखी कोठडी घडवते. आतून तिला मेणकट, पाणी न शिरणारा लेप देते. त्यात पराग आणि मकरंद यांचं पातळसर मिश्रण भरते, त्यावर एक अंडं घालते, मातीचं झाकण लावते आणि पुढची कोठडी सुरू करते. आपलं अपत्य तिला कधीच दिसत नाही. आईचं सगळं प्रेम त्या एका शिदोरीत भरून ठेवलेलं असतं. पुढे जे काही घडतं ते या शिदोरीवरून घडतं, म्हणून हे लक्षात ठेवायला हवं.

मिस्त्रीची भीती चावण्याची होती. त्याने आयुष्यभर आग्या मोहोळं पाहिलेली. "बहनजी, एक को छेड़ो तो सौ पीछे पड़ती हैं." आग्याबद्दल हे अगदी खरं आहे. निळपट्टीला मात्र राखायला वसाहत नाही, त्यामुळे ती अंगावर येत नाही. मुठीत दाबली तर डंख मारेल. मी भिंतीपासून हातभर अंतरावर रोज बसत होते, त्या माझ्या कानाजवळून जात होत्या, एकदाही काही झालं नाही.

मामींचा कल आधीपासून माश्यांकडे होता, आणि त्याला कारण होतं. "ह्या आल्यापासून टोमॅटो बघ," म्हणाल्या. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. टोमॅटो-वांग्याच्या फुलात पराग बंद नळीत असतो, टोकाला बारीक छिद्र. तो बाहेर पडायला फूल जोरात थरथरावं लागतं. नेहमीच्या मधमाशीला ते जमत नाही. निळपट्टी फूल घट्ट धरते आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते. पराग मिठासारखा झडतो. ऑस्ट्रेलियातल्या तिच्या एका बहिणीचा अभ्यास झालाय. ती सेकंदाला सुमारे ३५० वेळा डोकं परागकोशावर आपटते. मामींच्या आंगनात कान दिलात तर हा आवाज ऐकू येतो, गुणगुणीहून वेगळा, वर चढलेला, तुटक.

तिसऱ्या दिवशी मामी स्वयंपाकघरातून हाक मारत आल्या. "अगं ये, ह्यांचा राजा आलाय!"

भिंतीसमोर एक माशी तरंगत होती. आकाराने निळपट्टीएवढीच, पण सगळी काळी, आणि त्या काळ्यावर फिकट आकाशी ठिपके, जसे कुणी हाताने बसवलेत. फार देखणी. मामींना ती नर वाटली, दादाला राणी. मिस्त्रीने तर सगळ्यांची मुखिया ठरवून आधी हिलाच मारायचं सुचवलं. दिसण्यावरून हा समज होणं साहजिक आहे. ती ऐटीत फिरते, घाई करत नाही, आणि प्रत्येक भोकाशी थांबून आत डोकावते. मालकीण तपासणीला निघाल्यासारखी.

ती थायरियस होती. जुन्या इंग्रजी नोंदींत या वंशाला क्रोसिसा म्हणत. तिलाच कोकीळमाशी म्हणायचं. जगात मधमाश्यांच्या २०,०००हून अधिक जाती ठाऊक आहेत, त्यांतल्या दोन हजारांहून अधिक अशा परक्या घरात अंडी घालणाऱ्या. थायरियसचं घर म्हणजे बहुतेक वेळा निळपट्टीचं बीळ.

ओळख पटवायची खूण रंगापेक्षा पायांत आहे. निळपट्टीची मादी परतते तेव्हा तिच्या मागच्या पायांवरच्या दाट केसांत पराग खचून भरलेला असतो. कोकीळमाशीच्या पायांवर ते केसच नाहीत. पराग वाहायचं साधन तिच्या अंगावर उरलेलं नाही, म्हणजे तिने उद्यापासून कष्टाने घर चालवायचं ठरवलं तरी तिला ते शक्य नाही. ती तुळशीवर बसते ती स्वतःच्या पोटापुरता मकरंद प्यायला. तिला चोर म्हणताना हे मला नेहमी आठवतं.

मामींनी लगेच कोकिळेची आठवण काढली. "म्हणजे कावळ्याच्या घरट्यातली कोकिळा." हो, पण पुरती नाही. आपल्याकडच्या कोकिळेचं पिल्लू सहसा कावळ्याच्या पिल्लांबरोबरच वाढतं, त्यांना ढकलून देत नाही. युरोपातल्या कक्कूचं पिल्लू मात्र अंगावर पिसं यायच्या आत यजमानाची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर लोटतं. कोकीळमाशीची रीत त्या कक्कूच्या जवळची आहे, आणि तिच्याहून कठोर.

मादी भिंतीवर टेहळणी करते. निळपट्टी फुलांवर गेली की बिळात शिरते. झाकण लावून झालेली कोठडी शोधते, झाकणाला भोक पाडते, पोटाचं टोक आत घालून अंडं चिकटवते आणि भोक पुन्हा मातीने बुजवते. बाहेर पडते तेव्हा आत काही झालंय हे कळायला जागा नसते. अंड्यातून निघालेल्या अळीला कोयत्यासारखे वाकडे, लांब जबडे असतात. तिचं पहिलं काम म्हणजे यजमानाचं अंडं किंवा अळी मारणं. त्या कोठडीत दुसऱ्या कोकीळमाशीचं अंडं असेल तर तेही. मग कात टाकली की ते कोयते जातात, साधे जबडे येतात, आणि ती निवांत शिदोरी खाते. पुढे त्या कोठडीतून निळपट्टी निघत नाही, आकाशी ठिपक्यांची माशी निघते.

हे मी आंगनात चहा पिताना सांगितलं. दादाचा मुलगा सहावीत आहे, तोही ऐकत होता. मामी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कावळीला निदान चारा भरवायला मिळतो. हिला तर कळतही नाही."

आमची चूक इथे झाली. मी वर्गात सांगावं तसं सांगितलं आणि उठून गेले. ऐकणाऱ्याच्या मनात आता एक बिचारी आणि एक खुनी उभी राहिली आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलाने डास मारायची बॅट घेतली आणि भिंतीशी पहारा बसवला. संध्याकाळी त्याने एका वाटीत पाच माश्या आणून दाखवल्या, अभिमानाने. मी त्या भिंगाखाली एकेक लावल्या. दोन कोकीळमाश्या होत्या. दोन निळपट्टीचे नर. पाचवी निळपट्टीची मादी, पायांवर पिवळा पराग तसाच.

मुलाचा काहीच दोष नव्हता. उडत्या माशीचे पाय दिसत नाहीत. नरांच्या पायांवर परागही नसतो, आणि तेही माद्यांसाठी भिंतीभोवती घिरट्या घालतात. तो ती वाटी हातात घेऊन उभा राहिला, मग विचारलं, "आत्या, हिची कोठडी अर्धीच राहिली असेल ना?" मी हो म्हटलं. त्याने बॅट स्वतःच माळ्यावर टाकली.

त्या वाटीमुळे एक प्रश्न कायमचा सुटला. कोकीळमाश्यांना वेचून मारणं हा उपाय होत नाही. जाळी लावावी असं दादाने सुचवलं, तेही चालत नाही, कारण दोघींचा आकार जवळजवळ सारखा. जी जाळी एकीला अडवेल ती दुसरीलाही अडवेल. आणि मुळात अडवायचं कशासाठी? कोकीळमाशीला प्रत्येक कोठडी सापडत नाही, आणि यजमान संपली तर तिचंही पुढचं पिढीजात घर संपलं. यजमान माश्या कमी झाल्या की आधी ही दिसेनाशी होते. म्हणूनच ज्या ठिकाणी कोकीळमाश्या टिकून असतात तिथली माश्यांची वस्ती धडधाकट आहे असं जाणकार समजतात. मामींच्या भिंतीवर ती रोज येते याचा अर्थ मी असा घेतला, की आत निळपट्टीचा संसार चांगला भरलेला आहे.

त्याच आंगनात आणखी एक जोडी होती, तिचा उल्लेख करून पुढे जाते. गुलाबाच्या पानांना कात्रीने कापावेत तसे गोल तुकडे गायब होत होते, आणि मामी त्याचा राग अळ्यांवर काढत होत्या. जुन्या दाराच्या कडीच्या भोकात पानकापी माशीने, म्हणजे मेगाकाइलने, त्या तुकड्यांचं घर केलं होतं. आणि दाराशी तिची कोकीळमाशीही होती, सीलिऑक्सिस, सुळक्यासारख्या टोकदार पोटाची. त्या टोकाने ती पानांच्या अस्तरात अंडं सारते. दार कुणी उघडत नव्हतं, त्यामुळे तिथे कुणाचा कुणाशी तंटा नव्हता.

तंटा भिंतीचा होता. आणि मिस्त्रीचं म्हणणं मी सुरुवातीला हलक्यात घेतलं, ते घ्यायला नको होतं. "ये दीवार खा जाएँगी" हे त्याचं वाक्य निम्मं खरं होतं. वर्षानुवर्षं त्याच पट्ट्यात बिळं पडत राहिली तर मातीचा गारा पोकळ होतो. पण माश्यांनी मऊ भाग निवडला होता, मऊ केला नव्हता. मग तो मऊ कशाने झाला? आम्ही शिडी लावून वर पाहिलं. गच्चीची पन्हळ, तिथे सगळे परनाला म्हणतात, भिंतीत शिरते तिथे तडकलेली होती. पावसाळ्याचं पाणी कित्येक वर्षं भिंतीच्या पोटात मुरत होतं, गिलावा आतून सुटत होता. सिमेंटचं पलस्तर त्यावर चढवलं असतं तर ओल आतच कोंडली असती आणि दोन-तीन पावसाळ्यांत तेही फुगून आलं असतं. मिस्त्रीने परनाल्यात हात घातला, ओली माती बोटांवर घेतली आणि दादाकडे बघून म्हणाला, "पहले ये बनेगा." त्यानंतर दवा मारायची गोष्ट त्याने काढली नाही.

दादा मात्र एका तडजोडीवर आला होता आणि ती सगळ्यांना समंजस वाटत होती, मामींनासुद्धा. "आत्ता नको मारायला. थंडी पडली की ह्या आपोआप जातील. मग कार्तिकात पलस्तर करू. कुणाचं नुकसान नाही."

ही ती दुसरी चूक, जी टळली. थंडीत भिंतीवर एकही माशी दिसत नाही, ते खरं. पण त्याच वेळी पुढची सगळी पिढी भिंतीच्या आत असते, झाकणबंद कोठड्यांमध्ये, निळपट्टीच्या अळ्याही आणि कोकीळमाशीच्याही. ऊन तापलं की त्या मातीचं झाकण पोखरून बाहेर येतात. माती त्यांना पोखरता येते. सिमेंट येत नाही. कार्तिकातलं पलस्तर म्हणजे भरल्या घराला बाहेरून कायमची कडी. फवारणीत निदान मेलेल्या माश्या डोळ्यांना दिसल्या असत्या. इथे काहीच दिसलं नसतं, आणि पुढच्या वर्षी माश्या का आल्या नाहीत म्हणून मामींनी मला पुन्हा फोन केला असता.

मी हे दादाला सांगितलं तेव्हा तो चिडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "मग माझी भिंत कधी दुरुस्त होणार?" हा प्रश्न रास्त होता. वाडा त्याला सांभाळायचाय, मला नाही.

ठरलं ते असं. परनाला लगेच बदलायचा. भिंतीचा खालचा हातभर भाग, जिथे ओल होती आणि बिळं नव्हती, तो चुन्याच्या गिलाव्याने सांधायचा. छज्जाखालचा उघडा पट्टा तसाच ठेवायचा. आणि पुढेमागे तो पट्टाही बुजवायची वेळ आलीच, तर आधीपासून दुसरी जागा तयार असावी म्हणून दोन जुनी लाकडी खोकी घेतली, त्यांत चाळलेली माती पाण्यात मळून ठासून भरली, अर्धवट ओली असताना पेन्सिलीने बोटभर खोल भोकं पाडली, आणि वाळल्यावर ती छज्जाखालीच पट्ट्याला लागून ठेवली. भोकं पाडायचं काम दादाच्या मुलाने केलं. मातीत फार चिकणमाती नको, वाळल्यावर नखाने खरवडली जाईल इतपत ठिसूळ हवी. आमचं पहिलं खोकं वाळताना भेगाळलं, कारण मी शेतातली काळी माती आणली होती. दुसऱ्यात पडक्या भिंतीचीच माती भिजवून वापरली, ते टिकलं.

फुलांचं मामींनी बघितलं. तुळस घनदाट राहावी म्हणून त्या मंजिऱ्या खुडत असत. आता वृंदावनातली तुळस देवाची, ती खुडायची, आणि भिंतीकडच्या चार कुंड्यांतली माश्यांची, तिला हात लावायचा नाही, अशी वाटणी त्यांनी केली. मंजिरीवर दोन्ही माश्या येतात. दिवेलागणीला मी एकदा तिथे बॅटरी घेऊन गेले. एका वाळक्या काडीला निळपट्टीचे नर रांगेने चिकटलेले, जबड्यांनी काडी धरून, पाय सैल सोडून झोपलेले. पलीकडच्या काडीवर एकटी कोकीळमाशी, तशीच जबड्यांनी धरून. तिला स्वतःचं बीळ नाही. निळपट्टीच्या माद्या बिळांत, आणि बाकीचे सगळे बाहेर उघड्यावर.

थंडीचे महिने वहीत कोरे आहेत. उन्हाळा तापू लागला तेव्हा पट्ट्यात ताजी भोकं दिसू लागली आणि पहिल्या निळपट्ट्या टोमॅटोवर आल्या. कोकीळमाशी त्यांच्यानंतर दिसली. लू सुरू झाली तशी ये-जा रोडावली, पावसानंतर पुन्हा वाढली. खोक्याकडे कितीतरी दिवस कुणी ढुंकून पाहिलं नाही. श्रावणात एका दुपारी मुलाचा फोन आला, "आत्या, माझ्या भोकात माती निघतेय." मी गेले तेव्हा खोक्याच्या वरच्या रांगेतली तीन भोकं चालू होती. चौथ्याशी आकाशी ठिपक्यांची ती थांबली होती, आत डोकावत. मुलगा माझ्या शेजारी उकिडवा बसला होता, हात मागे बांधून.

परनाला गळत नाही. खालचा गिलावा एक पावसाळा टिकला.

यंदाच्या पुताईला तोच मिस्त्री आला. चुन्याची बादली भिंतीशी टेकवली, आणि मामी पदर खोचून कोळसा घेऊन आल्या. छज्जाखाली पट्ट्याच्या चारही बाजूंनी त्यांनी स्वतः रेघ ओढली, खोक्याभोवतीसुद्धा. "इसके अंदर ब्रश नहीं जाएगा," म्हणाल्या. मिस्त्री म्हणाला, "मालूम है, माँजी," आणि रेघेच्या बाहेरून सुरुवात केली.